भुताच्या सिनेमातलं मरण

तो सिनेमा इतका भिकार होता की त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. मला आठवतं, पण मी सांगणार नाही. फुकटची प्रसिद्धी कशाला द्या.

गोष्ट थोडक्यात अशी. कॉलेजातली पाच पोरं-पोरी सहलीला समुद्रकिनारी येतात, एका पडक्या देवळीतला दगड गंमत म्हणून उचलतात, त्याखाली कोंडलेलं काहीतरी वाईट बाहेर पडतं, आणि मग ते एकेकाच्या अंगात शिरत जातं. पोरं-पोरी म्हणायचं आपलं. त्यातला एक 'कॉलेजकुमार' चाळिशीला टेकलेला होता आणि उन्हात त्याच्या केसांचं काळं कानशिलावरून ओघळायचं. वाईट म्हणजे काय, तर काळ्या लोकरी मोज्यात घातलेला एक हात. तो झुडपातून बाहेर यायचा आणि बोटं हलवायचा. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही त्याला घाबरलं नसतं.

तरी त्या सिनेमाने एका मुलीचा जीव घेतला. म्हणजे ती मेली नाही. मेली असती तर सोपं झालं असतं.

वीजप्रकल्पाचं बांधकाम नुकतं सुरू झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझे वडील सातारकडचे. बांधकामावर त्यांना स्टोअरमध्ये नोकरी लागली आणि आम्ही बिऱ्हाड उचलून तारापूरच्या बाजूला आलो. वसाहत अजून कागदावर होती. त्यामुळे आम्ही मच्छीमारांच्या एका गावाच्या कडेला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माझ्या आईने पहिल्या दिवशी नाकाला पदर लावला तो पुढची तीन वर्षं काढला नाही. गावाने आम्हाला 'घाटावरची' असं नाव ठेवलं आणि विहिरीवर आमची घागर शेवटी भरू दिली. दोन्हीकडून बरोबरीचा मामला होता.

त्या गावात मला एकच मैत्रीण मिळाली. माझ्याच वयाची, सोळा-सतरा वर्षांची. बोंबील वाळत घालायच्या दोऱ्यांशी ती सकाळभर उभी असायची, हात माशासारखे चपळ आणि जीभ त्याहून. मी शाळेत जाते म्हणून ती मला 'मास्तरीण' म्हणायची आणि मला पोहता येत नाही म्हणून पोट धरून हसायची. तिचं लग्न ठरलेलं होतं. शेजारच्या गावातल्या एका नाखव्याचा, म्हणजे होडीच्या मालकाचा मुलगा. साखरपुडा झाला होता, सासूने स्वतःच्या हाताने हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, आणि मुलगा तिला मनापासून आवडला होता. तो आमच्या गावच्या बाजूने होडी नेताना उगाच शीळ घालायचा. तिला दुसरं काही नको होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे लोकांनी भलतंच ठरवलं.

पाऊस संपून होड्या पुन्हा समुद्रावर जायला लागल्या, आणि मुंबईहून ती सिनेमाची मंडळी आली. बोईसर स्टेशनवर उतरून एका ट्रकातून. खोकी, छत्र्या, आरसे, आणि एक नटी तिच्या आईसकट. गावात हिंदी कुणाला धड येत नव्हतं, ते येत होतं मला, शाळेच्या पुस्तकातलं. तेवढ्यावर मी दुभाषी झाले.

सिनेमात कोळ्याची एक पोर असते. ती वाईट शक्ती तिला मारते, गाव तिला तिरडीवर घालून नेतं, आणि स्मशानात तिच्या अंगात शिरून ती शक्ती उठते. हे काम त्या नटीचं. पण तिरडी बघितल्यावर नटीच्या आईने हात आडवा घातला. माझी मुलगी खऱ्या तिरडीवर झोपणार नाही, अपशकुन असतो, म्हणाली. दिग्दर्शकाने समजूत घातली, हातापाया पडला, पण ती हलेना. तिच्या मुलीला मरायचं नव्हतं, फक्त उठायचं होतं. मग दिग्दर्शकाने इकडेतिकडे बघितलं आणि त्याची नजर माझ्या मैत्रिणीवर गेली. उंची तीच, बांधा तोच.

"चेहरा फुलांनी झाकू," त्याने मला सांगितलं. "आणि उठायचंही हिनेच. दोन्ही हिचंच."

मी ते तिला सांगितलं. ती हसली. "एवडाच ना? झोपायचा नि उठायचा? ता तं मी रोज करते."

तिच्या आईला विचारलं. आई भोळी होती, आणि सिनेमा म्हणजे काय हे तिला नीट ठाऊक नव्हतं. वडील होडीवर गेले होते, ते चार दिवस येणार नव्हते. आई हो म्हणाली.

आता तिरडीभोवती रडायला बायका हव्यात. गावच्या बायका गोळा केल्या. पण रडायचं म्हटल्यावर त्यांचं हसूच थांबेना. एकीने डोळ्याला पदर लावला की दुसरी तिला कोपर मारायची. पोरं मधेच येऊन कॅमेऱ्याला हात करायची. दिग्दर्शक वैतागला. डोक्यावरची टोपी वाळूत आपटून तो मला म्हणाला, "यांना सांग, खरं रडा. घरचं कुणी गेल्यावर रडता तसं."

मी सांगितलं. तेव्हा तिची आई म्हणाली, "नाव घेतल्याबिगर रडू कसा येल गो? आमच्यात नाव घेऊन रडतात."

दिग्दर्शक म्हणाला, घ्या नाव, कुठलंही घ्या.

पण कुठलंही म्हणजे कुठलं? खोटं नाव घेऊन रडायचं हे त्या बायकांच्या डोक्यात शिरेना. समोर तिरडीवर जी आहे तिचंच नाव तोंडात येणार. आईने तिरडीच्या बांबूवर हात ठेवला आणि लेकीचं नाव घेतलं. घरचं, पाळण्यातलं नाव. आणि मग जे काही झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आधीचं एक मूल तिने पुरलेलं होतं. ते सगळं कुठेतरी साठलेलं असणार. "माझे बाय गो, तुजा हिरवा चुडा अजून नवा हाय गो. तुजा लुगडा पेटीत तसाच रेला गो, कोन नेसल आता. नवरा तुजा वाट बगते गो." एकीचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी. हसणाऱ्या बायका छाती बडवायला लागल्या.  ध्वनिमुद्रण करणारा माणूस आपल्या यंत्रावर वाकून खुशीत मान हलवत होता.

मग मुंबईच्या माणसांनी तिरडी उचलली. बायका रडत रडत वेशीपर्यंत गेल्या, तिथून मागे फिरल्या, सरळ विहिरीवर गेल्या आणि डोक्यावरून पाणी घेऊन आंघोळ करून घरी गेल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांच्यात बायका स्मशानात जात नाहीत, वेशीवरून परततात. अंगाला सवय होती, अंगाने ते केलं. पोरांना दिग्दर्शकाच्या माणसांनी काठी दाखवून आधीच पिटाळलं होतं. गावचे पुरुष समुद्रावर. म्हातारे जाळी शिवत बसलेले, त्यांना या माकडचेष्टांत रस नव्हता.

म्हणून ती तिरडीवरून उठली तेव्हा गावचं कुणीही तिथे नव्हतं. मी होते. फुलं बाजूला सारून ती उठून बसली, डोळे चोळले, तोंडात गेलेली वाळू थुंकली आणि मला म्हणाली, "आयो किती रडली गो, मला वाटला मी खरंच मेली." दिग्दर्शकाने तिला पुन्हा दोनदा उठवलं, एकदा सावकाश आणि एकदा झटक्याने. मग मंडळी ट्रकात बसून बोईसरला गेली.

वडील होडीवरून आले तेव्हा त्यांना कळलं. ते बायकोला मारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मारलं नाही. नुसतं म्हणाले, "तुज्या तोंडानं तू तिला पोचवली." आणि जेवायला बसले.

मला तेव्हा वाटलं, दोन दिवसांत विसरतील. आमच्याकडे तर कुणाच्या मरणाची खोटी बातमी आली तर त्याचं आयुष्य वाढलं म्हणतात. हे मी मोठ्या शहाणपणाने तिच्या आईला सांगायला गेले. ती म्हणाली, बातमी वेगळी. तिरडी वेगळी. नाव घेऊन रडलो, वेशीपर्यंत पोचवली, आंघोळ केली. आता काय राहिलं?

गावाने तिचं नाव घेणं बंद केलं. गेलेल्याचं नाव उगाच घेऊ नये म्हणतात. तिला 'ती' म्हणायला लागले. बोंबलाच्या दोऱ्यांवर तिच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी राहू लागली. बाजारात तिच्या टोपलीतला मासा कुणी घेईना. पोरांनी तर नवा खेळच काढला. चार काठ्या बांधून त्यावर एखाद्याला निजवायचं, गल्लीभर फिरवायचं आणि तिच्या दारासमोर आल्यावर ओरडायचं, "उठ गो, उठ गो." मोठी माणसं हसून दुसरीकडे बघायची. ती पहिले काही दिवस पोरांना शिव्या घालत मागे धावली. मग दार लावून घेऊ लागली. तिची जीभ अशी बघता बघता आटली की मला तिचाच राग यायला लागला. भांड ना, म्हणायची मी, ओरड ना. ती म्हणायची, "मेलेल्या बाईनं वरडला तं जास्ती भितील."

आणि मग तिची होणारी सासू आली. मला वाटलं, बांगड्या परत घेऊन जाईल. पण ती बाई कजाग नव्हती, हेच तर दुखणं. ती न्यायाने वागणारी होती. न्यायाने वागणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. तिने ओटीवर बसून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उठली तवा कोनी बगितली?"

"मी," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, अगदी मायेने. "तू आमच्यातली नाय बाय. तुला काय दिसला नि काय नाय, आमी कसा धरायचा?"

त्यांच्यात असं होतं म्हणे, की समुद्रात बुडाला म्हणून रडून झालेला माणूस जर चार जणांदेखत चालत परत आला तर दोष राहत नाही. पण परत येताना कुणीतरी बघितलं पाहिजे. नाहीतर जे आलं ते त्याचं रूप घेऊन आलेलं दुसरंच काही असू शकतं. हे ऐकून मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मैत्रीण आतून म्हणाली, "सिनेमात हाय ता. मी उठली तं सिनेमात घेतलाय. तीनदा घेतलाय."

 सासू म्हणाली, ठीक आहे. सिनेमा येईल तेव्हा मी येऊन बघेन. ती त्यात उठली, तर लग्न लागेल. तोवर मुलगा थांबेल.

तर असं ठरलं. एका मुलीचं लग्न त्या मोजेवाल्या भुताच्या सिनेमावर अडकलं.

वर्ष उलटून गेलं. सिनेमा येईना. पालघरला कुठला सिनेमा लागला आहे हे मी वडिलांना आठवड्याला विचारायची. वडिलांना वाटायचं पोरीला सिनेमाचा नाद लागला. आई म्हणाली हिला सातारला पाठवून द्या. मैत्रीण मात्र बांगड्या जपत होती. एक जरी वाढली तरी सासू काय म्हणेल, म्हणून हाताला फडकं गुंडाळून काम करायची. मुलगा आता होडी नेताना शीळ घालत नव्हता, पण थांबला होता. एवढं खरं.

शेवटी दिवाळीनंतर बोईसरला मैदानात तंबूचा सिनेमा आला. बैलगाडीवर कर्णा लावून माणूस सालवड, कुंभवली करत आमच्या गावापर्यंत ओरडत आला. भयानक, थरारक, कमकुवत मनाच्यांनी येऊ नये. नाव ऐकल्याबरोबर मी धावत तिच्याकडे गेले. ती आधीच केस विंचरत बसली होती. साखरपुड्याचं लुगडं तिने पेटीतून बाहेर काढून ठेवलं होतं. तिच्या तोंडावर तेव्हा जे होतं, ते मी नंतर कुठल्याच नवरीच्या तोंडावर बघितलं नाही.

आम्ही एस.टी.ने गेलो. ती, तिची आई, सासू आणि मी. तंबूत दोर बांधून बायकांची बाजू वेगळी केली होती. आम्ही पोतं अंथरून पुढेच बसलो. आमच्या मागे गावच्या बायका, इतक्या की कधी जत्रेलाही एकत्र आल्या नसतील.

सिनेमा सुरू झाला आणि बोऱ्याच वाजला. काळ्या मोज्याचा हात आला तशी पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या आल्या. धुकं म्हणून शेणी पेटवल्या असाव्यात, कारण नायक खोकत खोकत प्रेमाचं बोलत होता. चाळिशीचा कॉलेजकुमार परीक्षेत नापास झाला म्हणून रडला तेव्हा तर एका बाजूला बसलेले बांधकामावरचे मजूर गडाबडा लोळले. मैत्रीण हसली नाही. गुडघ्यांना मिठी मारून ती पडद्याकडे बघत होती.

मग तो हात पहिल्यांदा कुणाच्या तरी गळ्याशी गेला, आणि तंबूभर तिच्या आईचा आवाज घुमला. लेकीचं नाव घेऊन, तोच हंबरडा. आम्ही दचकलो. तिरडी अजून आलेलीच नव्हती. त्या लोकांना आईचं रडणं इतकं आवडलं होतं की भूत येणार असलं की त्यांनी तेच लावून दिलं होतं. हात आला की तिचं नाव. वारा सुटला की तिचं नाव. दार वाजलं की तिचं नाव. मागच्या बायका गप्प झाल्या. पुरुषांच्या बाजूला मात्र लोकांनी ते उचललं. पुढच्या वेळी हात दिसताच शंभर तोंडांनी तिचं नाव घेऊन गळा काढला आणि सगळे हसले. वर्षभर जे नाव गावात कुणी घेतलं नव्हतं, ते आता हे परके लोक घेत होते. आई तोंडात पदर कोंबून बसली होती.

तिरडी आली. तीच तिरडी, तीच वेस, त्याच बायका. फुलांतून नाक आणि हनुवटी दिसत होती, आणि बाजूला लोंबलेल्या हातात हिरव्या बांगड्या. सासू पुढे वाकली. आपण भरलेल्या बांगड्या तिने ओळखल्या, मला दिसलं. मैत्रिणीने माझा हात धरला. "आता बग," ती म्हणाली. "आता उठते."

तिरडी स्मशानात ठेवली. फुलं हलली. एक ढग दाखवला, एक घुबड दाखवलं. आणि फुलं सारून उठून बसली ती नटी. मागे समुद्रही आमचा नव्हता, रंगवलेला पडदा होता, त्याला मधोमध चुणी पडलेली. नटीच्या भिवया कोरलेल्या, ओठ रंगवलेले, हातात बांगडी एक नाही. काढायला विसरली होती म्हणून मनगटावर घड्याळ होतं.

मैत्रिणीचं दोन्ही वेळचं उठणं त्यांनी कापून टाकलं होतं. तिसरंही.

सासू तरी उठून गेली नाही. मी म्हटलं ना, न्यायी बाई. ती शेवटपर्यंत बसली, न जाणो पुढे कुठे दिसेल म्हणून. भूत जळालं, नायकाने नायिकेला मिठी मारली, दिवे लागले. तेव्हा ती मैत्रिणीच्या आईला म्हणाली, "तुजी पोर झोपलेली बगितली. उठली ती घड्याळवाली."

"मी हाय ना इथं," मैत्रीण सासूला म्हणाली. "आई, मी बसलेली हाय ना तुमच्याजवल. हात लावून बगा."

सासूच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, आलं. पण ती बोलली आईशीच. "माज्या पोऱ्याला मोकला करा. मेलेल्या पोरीशी बांदलेला हाय तो. तिचा दहावा घाला, म्हंजे सुटल."

तारापूरच्या भटजींनी जिवंत माणसाचा दहावा घालायला साफ नकार दिला आणि वर शिव्या दिल्या. मी आशेने त्यांच्याकडे बघत राहिले. पण समाजातला एक म्हातारा तयार झाला. वडिलांनी मुंडण केलं. आई हंबरडा फोडून आधीच सगळं रडून चुकली होती, आता ती नुसती अंगणात बसून राहिली, तिचे हात चालेनात. म्हणून पिंडाचा आणि पंगतीचाही भात मैत्रिणीने स्वतः शिजवला. मी चुलीशी बसले होते. भात नीट शिजला आहे का हे तिने एक शीत दाबून बघितलं.

किनाऱ्यावर पिंड ठेवले. तिला समोर यायची बंदी होती, म्हणून ती आणि मी बोंबलाच्या दोऱ्यांआड उभ्या होतो. नवरा मुलगा आला होता. सासू हात जोडून उभी होती. सगळ्यांना एकच धास्ती होती, कावळा शिवेल का. पोरीचा जीव लग्नात अडकलेला, हे सगळं गाव जाणून होतं. कावळा नाही शिवला तर मुलगा सुटणार नव्हता. मैत्रीण पुटपुटत होती. आधी मला ऐकू आलं नाही. मग कळलं, ती कावळ्याला म्हणत होती, येऊ नको, येऊ नको, येऊ नको.

पण जिथे मासळी वाळत घालतात तिथले कावळे कधी वाट बघत बसत नाहीत. म्हातारा मागे सरकतो न सरकतो तोच एक उतरला आणि भातात चोच घातली. मग दुसरा आला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तिची काही इच्छा राहिली नव्हती, असं ठरलं. जेवणं तिथेच झाली, आणि त्याच पंगतीत, तिने रांधलेल्या भातावर, त्या मुलासाठी दुसरी मुलगी सुचवली गेली.